सूचना: मागच्या अंगणातील पर्जन्यबाग आणि तिचा खर्च

सर्व सभासदांना नमस्कार.

पर्वरीतील आपल्या सोसायटीच्या मागच्या बाजूचे गटार रुंद करायचे की तिथे पर्जन्यबाग (पावसाचे पाणी अडवून जमिनीत मुरवणारी खोलगट बाग) करायची, हे येत्या रविवारी सकाळी १० वाजता पार्किंगमधील बैठकीत ठरवायचे आहे. घरटी एकाने तरी यावे.

हिशेब समजून घ्या. २०० चौरस मीटर छपरावर ५० मिलिमीटर पाऊस पडला की १०,००० लिटर पाणी खाली येते, म्हणजे एक मोठा टँकर. आपल्याकडे असा पाऊस जुलैत एका दिवसात सहज पडतो. गटार रुंद केले तर हे पाणी फक्त लवकर खालच्या वाड्यावर जाईल. ते योग्य नाही. पर्जन्यबागेला लागते वीतभर खोल खळगे, वाळू-शेणखत मिसळलेली माती आणि वाळा, कर्दळ यांसारखी रोपे. काँक्रीट जवळपास नाहीच. अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहराने २०११ पासून मोठ्या भुयारी बोगद्यांऐवजी मुख्यतः हीच वाट धरली, कारण ती स्वस्त पडते.

मात्र दरवर्षी गाळ काढणे, तण उपटणे आलेच. त्याची तरतूद देखभाल निधीत आत्ताच करावी, असे माझे स्पष्ट मत आहे. नाहीतर बाग दोन पावसाळ्यांत बुजेल.

डासांची भीती नको, पाणी दिवसभरात मुरले पाहिजे. जांभ्यात ते मुरते का, हे पाहायला शनिवारी सकाळी फूटभर खड्डा खणून पाण्याने भरू. जागा इमारतीच्या पायापासून, विहिरीपासून आणि सेप्टिक टँकपासून लांबच घेऊ. कुदळ, घमेले असेल त्यांनी घेऊन यावे.

— सचिव