'ॲड.' लावा, पण सनद क्रमांकासह

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या महिन्यात आमच्या शेजारच्या बाईंना जागेच्या वादावरून एक नोटीस आली. जाड कागद, वर ठळक 'ॲड.', आणि खाली पंधरा दिवसांत खोली रिकामी न केल्यास फौजदारी करण्याची धमकी. बाईंना रात्रभर झोप नाही. सकाळी कागद घेऊन माझ्याकडे आल्या, कारण माझी उभी नोकरी दिवाणी न्यायालयात कारकुनी करण्यात गेली. मी मजकूर नंतर वाचला, आधी सनद क्रमांक, म्हणजे वकिलीच्या परवान्याचा नंबर, शोधला. कुठेच नव्हता. दिलेल्या नंबरावर फोन केला, तर गृहस्थ आधी तडकले, मग आवाज उतरला. "एलएल.बी. झालोय हो, सनदेचं काम चालू आहे."

म्हणजे वकील नाहीत.

पदवी आणि सनद यांतला हा फरक कोर्टाच्या आवारात चहावाल्यालाही कळतो, बाहेर मात्र शिकलेल्यांनाही सांगावा लागतो. इंग्रजी अमदानीत प्लीडर, वकील, मुखत्यार, ॲटर्नी अशा नाना पायऱ्या होत्या. १९६१ च्या अधिवक्ता कायद्याने अधिवक्ता हा एकच वर्ग ठेवला. राज्याच्या बार कौन्सिलच्या नामावलीत (आपल्याकडे महाराष्ट्र व गोवा बार कौन्सिल) ज्याचं नाव आहे, तोच वकिली करू शकतो. २००९-१० पासून पदवी घेणाऱ्यांना अखिल भारतीय बार परीक्षाही द्यावी लागते. ही परीक्षा घेण्याचा बार कौन्सिल ऑफ इंडियाचा अधिकार सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने फेब्रुवारी २०२३ मध्ये मान्य केला. सनद घेऊन पुढे पूर्णवेळ पगारी नोकरी धरली, तर तेवढ्या काळापुरती वकिली थांबवावी लागते, हे तर पुष्कळ जण सोयीने विसरतात. बँकेत साहेब आणि लग्नपत्रिकेत ॲडव्होकेट, असे नमुने माझ्या नात्यातच आहेत.

सनद नाही म्हणून कमीपणा मानण्याचं कारण नाही. लोकमान्य टिळकांनी १८७९ मध्ये एलएल.बी. केलं, पण वकिली केली नाही. कायद्याचा वर्ग चालवला, आणि १९०८ च्या राजद्रोहाच्या खटल्यात स्वतःची बाजू स्वतः मांडली. स्वतःच्या प्रकरणात बोलायला आजही सनद लागत नाही. याउलट नाशिकला जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजी. डेक्कन कॉलेजात शिकल्या, १८९२ मध्ये ऑक्सफर्डला कायद्याची परीक्षा दिली, पण बाई म्हणून वकिलीचं दार बंद. स्त्रियांना वकिलीची मोकळीक देणारा कायदा यायला १९२३ उजाडलं. ज्ञान असून हक्क नव्हता, अशी तीस वर्षं त्यांनी काढली. आज सनदेआधीच लेटरहेड छापून तयार असतं.

अडचण अशी की अधिवक्ता कायद्याच्या कलम ४५ मध्ये सहा महिन्यांपर्यंत कैद सांगितली आहे ती अधिकार नसताना न्यायालयात किंवा प्राधिकरणापुढे वकिली करण्याबद्दल. नावापुढे नुसतं 'ॲड.' लावण्याबद्दल त्या कलमात अक्षर नाही. त्यामुळे न्यायालयाची पायरी न चढता गाडीच्या काचेवर, सोसायटीच्या फलकावर, निवडणुकीच्या बॅनरवर ही उपाधी बिनबोभाट मिरवता येते. यात भरडला जातो तो नोटिशीला घाबरणारा माणूस. खऱ्या वकिलांवर पाटीच्या आकारापासून बंधनं आहेत. आपण पूर्वी न्यायाधीश होतो, असंही पाटीवर लिहिता येत नाही. तोतयाला कसलंच बंधन नाही.

माझी मागणी साधी आहे. डॉक्टरच्या चिठ्ठीवर नोंदणी क्रमांक असतो, तसा वकिलाच्या प्रत्येक नोटिशीवर, लेटरहेडवर आणि पाटीवर सनद क्रमांक व वर्ष सक्तीचं करावं. वकीलपत्रावर हा क्रमांक लिहिण्याची सवय वकिलांना आहेच. २००८ पासून संकेतस्थळावर तो देण्याची मुभाही बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमांत आहे. मुभेची सक्ती करायला फार खर्च येणार नाही. सोबत नामावली अशी खुली करावी, की तालुक्याच्या माणसाला मोबाइलवर क्रमांक टाकून नाव, आणि सनद चालू आहे की स्थगित, हे मिनिटात पाहता यावं. मेहनतीने सनद मिळवून रोज कोर्टात उभे राहणारे ज्युनिअर याला विरोध करतील असं मला वाटत नाही.

शेजारच्या बाईंनी त्या नोटिशीला रजिस्टर पोस्टाने एका ओळीचं उत्तर पाठवलं आहे: 'कृपया आपला सनद क्रमांक कळवावा.' पोचपावती आली. क्रमांक आलेला नाही.

आपला,
एक निवृत्त न्यायालयीन कर्मचारी, सातारा