क्षयरुग्णाच्या घरालाही डाळ द्या

निक्षय पोषण योजनेतील क्षयरुग्णांची मदत नोव्हेंबर २०२४ पासून दरमहा ५०० वरून १,००० रुपये झाली, त्याविषयीचा लेख वाचला. वाढ रास्तच, पण रुग्णाच्या घरातल्या इतरांचे काय? क्षयाचा जंतू श्वासावाटे फुफ्फुसात शिरतो आणि त्याला गिळणाऱ्या पेशीतच ठाण मांडतो. शरीर त्याच्याभोवती पेशींचे कडे उभारते. बहुतेकांमध्ये तो तिथेच वर्षानुवर्षे अडकून पडतो. संसर्ग झालेल्यांपैकी आयुष्यभरात साधारण ५ ते १० टक्केच आजारी पडतात. कुपोषणाने मात्र हे कडे ढिले पडते. झारखंडमधील ‘रेशन्स’ चाचणीत (२०२३ मध्ये प्रसिद्ध) कुटुंबीयांना माणशी दरमहा ५ किलो तांदूळ, दीड किलो डाळ आणि जीवनसत्त्वांच्या गोळ्या दिल्या गेल्या. त्यांच्यातील क्षयाचे प्रमाण ३९ टक्क्यांनी घटले. इतका परिणाम एखाद्या लशीने साधला असता, तर केवढा गाजावाजा झाला असता! आपल्याकडे कुटुंबीयांचा शिधा ‘निक्षय मित्रां’च्या, म्हणजे देणगीदारांच्या भरवशावर आहे. रेशनवर तांदूळ-गहू मिळतो, ओरड आहे ती डाळीची. रुग्णाचे उपचार संपेपर्यंत ती त्याच दुकानातून हक्काने मिळावी.

— एक वाचक, नाशिक