बुधवारची अदिस अबाबा शहरफेरी : निघण्यापूर्वी वाचा

सर्व सदस्यांना नमस्कार. शहरफेरीची गाडी बुधवारी सकाळी ८ वाजता हॉटेलच्या दारातून सुटेल. वेळ विचारल्यावर ड्रायव्हरने "२ वाजता" सांगितलं, तर गोंधळू नका. इथे दिवसाचे तास सूर्योदयापासून मोजतात, त्यामुळे आपले सकाळचे ८ म्हणजे त्यांचे २. कुणाशीही वेळ ठरवताना कोणत्या घड्याळाने, हे आधी विचारा.

पहिला थांबा राष्ट्रीय संग्रहालय. तिथे सुमारे ३२ लाख वर्षांपूर्वीची 'लुसी' आहे, म्हणजे मानवाच्या एका पूर्वज-मादीचा सांगाडा, १९७४ मध्ये इथिओपियाच्या अफार भागात सापडलेला. मांडलेला सांगाडा प्रतिकृती आहे, मूळ हाडं कुलपात असतात. तरी बघाच, उंची जेमतेम साडेतीन फूट! नंतर होली ट्रिनिटी कॅथेड्रल, जिथे इथिओपियाचे शेवटचे सम्राट हाइले सेलासी यांची समाधी आहे. चपला बाहेर काढायच्या, खांदे झाकलेले हवेत.

शहर समुद्रसपाटीपासून सुमारे २,३५० मीटरवर आणि एन्टोटोची टेकडी त्याहून बरीच उंच. धाप लागते, ज्येष्ठांनी घाई करू नये. स्वेटर घ्या. मर्काटो बाजारात पाकीट पुढच्या खिशात. सैनिक, सरकारी इमारती यांचे फोटो काढू नयेत.

शाकाहारींची चंगळ आहे. बुधवार इथल्या ऑर्थोडॉक्स ख्रिश्चनांच्या उपवासाचा, त्यात मांस चालत नाही, म्हणून हॉटेलांत 'बेयायनेतू' हमखास मिळतं: आंबूस इंजेरावर (डोशासारखी मोठी भाकरी) डाळी आणि भाज्यांचे ढीग. साबुदाणा मात्र विसरा. ताट एकच, सगळ्यांनी उजव्या हाताने खायचं.

पासपोर्टची झेरॉक्स आणि थोडे सुटे बिर (इथलं चलन) जवळ असू द्या. येणाऱ्यांनी सोमवारपर्यंत नाव कळवावे.