‘पागो’ एक, घराणी दोन

मा. संपादक,
स.न.वि.वि.

रविवारच्या अंकात एका वाचकांनी ‘पगार’ हा शब्द ‘पग’पासून झालेला, अस्सल आपला, असे लिहिले आहे. पोर्तुगीज, एस्पेरांतो आणि बास्क (स्पेन-फ्रान्सच्या सीमेवरच्या लोकांची भाषा) या तिन्ही भाषांत ‘पागो’ सापडतो, म्हणजे तो इथूनच तिकडे गेला, हा त्यांचा पुरावा. हडपसरच्या एका कारखान्यात मी पगारपत्रके करते. शब्द आमच्याच टेबलावरचा, म्हणून राहवले नाही.

वाट नेमकी उलटी आहे. पोर्तुगीजमध्ये ‘पगार’ म्हणजे पैसे चुकते करणे आणि ‘पागो’ म्हणजे चुकते झालेले. त्यामागे लॅटिन ‘पाकारे’, म्हणजे शांत करणे. घेणेकऱ्याला पैसे मिळाले की तो गप्प होतो, त्यातून हा अर्थ आला. सात तारखेला पगार जमा झाला नाही, तर आठला आमच्या दारात काय होते ते पाहावे, लगेच पटेल! पोर्तुगीजांबरोबर हा शब्द आपल्याकडे आला. 1739 मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली, पोर्तुगीज तिथून गेले. पगार, चावी, घमेले, लिलाव मात्र राहिले.

एस्पेरांतो ही झामेनहॉफ यांनी 1887 मध्ये वॉर्सात प्रसिद्ध केलेली, ठरवून रचलेली भाषा. ‘पाग’ हा धातू त्यांनी लॅटिनच्या लेकींकडूनच उचलला, त्याला नामाचा ‘ओ’ लावला. ‘पागो’ म्हणजे भरणा. गंमत आहे ती ‘पागोस’ची. एस्पेरांतोत ‘ओस’ हा भविष्यकाळाचा प्रत्यय, म्हणून ‘मी पागोस’ म्हणजे ‘मी पैसे देईन’ (हो, तिथेही ‘मी’च). पोर्तुगीजमध्ये अगदी तीच अक्षरे म्हणजे ‘दिलेले’, अनेकवचनी. हिशेबाच्या वहीत एक ‘देणे बाकी’त जाईल, दुसरा ‘चुकते’मध्ये.

बास्कमधला ‘पागो’ तर पैशांचा नव्हेच. ते ‘बीच’ (beech) नावाचे युरोपातले एक जंगली झाड. स्पेनच्या नव्हारा प्रांतातल्या इराती जंगलात ही झाडे दाट आहेत. मूळ लॅटिन ‘फागुस’. जुन्या बास्कमध्ये ‘फ’ नव्हता, म्हणून ‘प’ झाला. याच झाडाला एस्पेरांतोत ‘फागो’ म्हणतात. पैसे देण्यासाठी बास्कमध्ये ‘पागातु’ आहे, पण तो शेजारच्या भाषांकडून घेतलेला. झाडाशी त्याचा काही संबंध नाही.

‘पग’पासून ‘पगार’ काढायचाच असेल, तर पोर्तुगीज येण्याआधीच्या एखाद्या मराठी कागदात तो दाखवावा. मिळाला तर आपल्याच सदरात छापावा, मी आनंदाने वाचीन.

– एक वाचक, हडपसर, पुणे