कडक पोलादाचं काम मुलांना शिकवा

मा. संपादक,

हिंगणा एमआयडीसीत मी २६ वर्षं लेथवर (धातूचा तुकडा फिरवत कापायच्या यंत्रावर) आहे. मागच्या महिन्यात आयटीआय झालेला एक मुलगा आमच्याकडे लागला. हात चांगला आहे त्याचा. त्याला ६० एचआरसीचा (एचआरसी म्हणजे कडकपणाचं माप), पाणी देऊन कडक केलेला शाफ्ट दिला. त्यानं साधी कार्बाइडची कापायची टिप लावली, नेहमीचाच वेग ठेवला. टिप क्षणात गेली. चूक त्याची नाही. कानसही नुसती घसरते इतका कडक जॉब (कापायचा तुकडा) त्यानं कधी हातातच घेतला नव्हता.

अशा जॉबला सीबीएन टिप (क्यूबिक बोरॉन नायट्राइडची, फार कठीण) लागते. मिनिटाला १००-१५० मीटर वेग, ०.१ ते ०.२ मिमी काप, आणि बहुतेक वेळा कोरडंच. उष्णता बुऱ्यासोबत (कापून निघालेल्या धातूसोबत) निघून जाते, म्हणून बुरा लालभडक पडतो. कूलंट (थंड करायचं द्रव) थांबून थांबून पडलं तर टिपला तडे जातात. टूल आखूड धरायचं, जॉबही चकबाहेर (यंत्राच्या पकडीबाहेर) कमीत कमी काढायचा. हे सगळं मी महागड्या टिपा मोडून शिकलो.

आयटीआयत याचं आठवडाभर तरी प्रात्यक्षिक ठेवा. अर्धवट झिजलेल्या टिपा मी देतो, रविवारी शिकवायलाही येतो.

– एक टर्नर, हिंगणा रोड, नागपूर