विसर्गाचा संदेश सहीनिशी पाठवा

प्रति,
मा. जिल्हाधिकारी तथा अध्यक्ष, जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण, पुणे

सादर नमस्कार,

खडकवासला धरणातून विसर्ग वाढला की खऱ्या आकड्यासोबत खोटे आकडे आणि जुने व्हिडिओही फिरू लागतात. कोणता खरा, हे तपासायची सोय रहिवाशाकडे नाही. २५ जुलै २०२४ ला सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत पाणी शिरले, तशा वेळी ही उणीव जिवावर बेतू शकते.

आमची विनंती आहे की धरणाच्या नियंत्रण कक्षातून निघणाऱ्या प्रत्येक संदेशावर डिजिटल सही (गुप्त किल्लीनेच करता येणारी, पण कोणत्याही रेडिओला तपासता येणारी खूण) असावी आणि नदीकाठच्या भोंग्यांना बॅटरीवरचे लोरा रेडिओ (कमी विजेवर दूरवर छोटे संदेश पोचवणारे) जोडावेत. ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झला परवाना लागत नाही. मात्र पॅकेट, म्हणजे एका वेळी जाणारा संदेश, फार तर २५५ बाइटचे असते आणि ईडी२५५१९ या प्रचलित पद्धतीची सहीच ६४ बाइट घेते. देवनागरीत काना-मात्राही वेगळी मोजली जाते आणि प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते, त्यामुळे ‘पाणी सोडले’ एवढ्यालाच २८ बाइट जातात. म्हणून वाक्य पाठवूच नये. धरण, क्युसेक, वेळ आणि अनुक्रमांक १६ बाइटांत बसतात, वाक्य रेडिओने जुळवावे. सर्वांत संथ वेगाला भरलेले पॅकेट नऊ सेकंद हवेत राहते, सहीसह ८० बाइटचे सव्वातीन. जितका वेळ हवेत, तितकी दुसऱ्या पॅकेटशी टक्कर होण्याची शक्यता जास्त.

अनुक्रमांक वगळू नका. कालचा खरा, सही असलेला संदेश कोणी आज पुन्हा सोडला तर सही बरोबरच निघेल. शेवटचा अनुक्रमांक रेडिओने वीज गेली तरी टिकणाऱ्या मेमरीत ठेवावा आणि तोच किंवा त्याहून जुना आला तर टाकून द्यावा.

सही खोटा संदेश अडवते, वाटेतल्या रिलेने (संदेश पुढे पाठवणाऱ्या रेडिओने) गिळलेला संदेश परत आणत नाही. एक रिले दगाबाज धरला तर सहीविना तीन स्वतंत्र वाटा लागतात, हे संगणकशास्त्रज्ञ डॅनी डोलेव्ह यांनी १९८२ मध्येच मांडले; सही असेल तर दोन पुरतात. पण हे गणित स्थिर जाळ्याचे. पुरात ट्रान्सफॉर्मर बंद होतात, बॅटऱ्या उतरतात. राजाराम पूल ते म्हात्रे पूल हा दुवा ३ वाजता तुटला आणि संदेश राजाराम पुलाला ३.१० ला पोचला, तर नकाशावरची ती वाट कुचकामी.

तेव्हा कंत्राटदाराने दाखवलेल्या नकाशावर वाटा मोजून काम मंजूर करू नका. मेपूर्वी सराव घ्या: एकेक रिले बंद करा, एकाच ट्रान्सफॉर्मरवरचे सगळे एकदम बंद करा, आणि प्रत्येक वेळी दहा मिनिटांत सगळे भोंगे वाजतात का ते पाहा. लहरींवर मुद्दाम गोंगाट केला तर सही हतबल ठरते. त्यासाठी पोलिस बिनतारी यंत्रणेची जोड हवी. सहीची किल्ली इंटरनेटला न जोडलेल्या यंत्रात ठेवा. ती फुटली तर लगेच बदलता यावी म्हणून दुसऱ्या किल्लीचा सही तपासायला लागणारा सार्वजनिक भाग, फक्त ३२ बाइट, रेडिओ बसवतानाच भरून घ्या.

आपले,
पुण्यातील नेटवर्क अभियंते