रव्याचं काम साच्यात देऊ नकोस

चि. बाळास,
अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेला विस्ताराचा आराखडा दोनदा वाचला. एकदा बाप म्हणून, मग चष्मा पुसून सोनार म्हणून. बापाला फार आवडला. सोनाराच्या शंका आहेत, आणि फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस, म्हणून हे पत्र.

दुसरं दुकान, ऑनलाइन विक्री, साच्यातलं ओतकाम, यातलं बहुतेक कर. फिरक्या, फासे, साखळीच्या कड्या खुशाल मशीनवर जाऊ देत. त्यांत आपण हात झिजवतो आणि गिऱ्हाइकाला पत्ताही नसतो. लेझरच्या नावानं मी नाक मुरडलं होतं खरं, पण खडा न काढता दागिना सांधता येतो हे पाहिल्यावर गप्प बसलो. फक्त चौथ्या पानावर ‘रव्याची कर्णफुलं, साच्यातून, महिन्याला २०० जोड’ असं लिहिलं आहेस, तिथं माझं बोट अडकलं.

रवा, म्हणजे सोन्याचा बारीक गोल दाणा, कसा होतो हे तुला सांगायला नको, तरी सांगतो. केसासारखी तार काढायची, तिचे बारीक तुकडे करायचे, मुशीत कोळशाच्या पुडीचा एक थर, त्यावर तुकडे, परत पूड. सोनं १०६४ अंशांना वितळतं. वितळलं की प्रत्येक तुकडा स्वतःलाच आवळून घेतो आणि गोल होतो. मूस गार करून पाण्यात ओतली की कोळसा वर तरंगतो आणि तळाशी पिवळी रेती चमकते. लहानपणी तू त्यात बोट घालायचीस आणि मी ओरडायचो, कारण तुझ्या नखात अडकलेलं सोनंही माझ्या घटीत, म्हणजे कामात वाया गेलेल्या सोन्यात, धरावं लागायचं.

असा रवा पत्र्याला टेकतो तो टाचणीच्या टोकाएवढाच. त्याच्याखाली बारीक सावली पडते, आणि रव्याच्या कामाचं रूप त्या सावलीत आहे. साच्यात ती सावली भरून जाते. उरतात नुसते फोड.

हे मी ऐकीव सांगत नाही. तू तिसरीत होतीस त्या वर्षी मोठी ऑर्डर आली आणि मी हव्यासापायी ४० जोड बाहेर ओतायला दिले. आपली एक जुनी गिऱ्हाईक आली, तिच्या आईच्या वेळचा जोड आणि नवा जोड तिनं शेजारी शेजारी ठेवले. भांडली नाही. “हे तुमच्याच हातचं ना?” एवढंच विचारलं. उरलेले सगळे जोड मी त्या रात्री मुशीत घातले. मजुरी गेली, घट गेली. तुझ्या आईनं वहीत त्या तारखेला नुसती एक आडवी रेघ मारली आहे, बघ कधीतरी.

रव्यामागे लागलेल्या एका सोनार घराण्याची गोष्ट सांगतो. रोममध्ये फोर्तुनातो पिओ कास्तेलानी यानं १८१४ साली दुकान काढलं. १८३६ मध्ये जवळच्या चेर्वेतेरीला एत्रुस्कन या इटलीतल्या प्राचीन लोकांचं एक थडगं उघडलं गेलं, त्यातल्या दागिन्यांवर धुळीसारखे रवे होते. ती विद्या हरवलेली. या माणसानं डोंगराळ भागातल्या सांतांजेलो इन वादो या गावात जुन्या पद्धतीनं काम करणारे कारागीर शोधले आणि त्यांना हाताशी धरलं. मुलं आलेस्सांद्रो आणि आउगुस्तो यांनी युरोपभर नाव केलं, तरी ती धूळ काही त्यांना पुरती साधली नाही. १९३३ मध्ये लिटलडेल या इंग्रजानं रवे चिकटवण्याच्या पद्धतीचं पेटंट घेतलं ते तांब्याचा क्षार आणि गोंद वापरून. आपणही तेच करतो: गोंद जळतो, तांबं मोकळं होतं, टेकलेल्या जागीच सोन्यात मिसळतं आणि तेवढीच जागा कमी उष्णतेला पाघळते. सांधायला वेगळा डाख लागत नाही, म्हणून तो पसरतही नाही. पण तोवर तिसऱ्या पिढीचा आल्फ्रेदो १९३० साली वारला होता आणि दुकान त्याच्याबरोबर संपलं होतं. संग्रह आज विला जूलिया संग्रहालयात आहे. खापर मी कोणावर फोडत नाही. पण काचेतला दागिना बघितला की मला पहिल्यांदा कारागिराचा रिकामा पाट दिसतो, त्याला काय करू?

आता पैशाचं. तू त्यातच शिकलीस आणि मला तुझी चूक तिथंच सापडली (आनंद लपवत नाही). ऑर्डरी दुप्पट म्हणजे नफा दुप्पट, असं तू धरलं आहेस. ऑर्डरी दुप्पट म्हणजे आधी पाटावर दुप्पट सोनं: तारेत, अर्ध्या कामात, कानशीच्या भुशात, झाडलोटीच्या धुळीत. आपल्या धंद्याचा गळा आवळला जातो तो सोनं अडकल्यानं. म्हणून कर्ज घ्यायचंच तर सोन्याच्या वजनात घे, वजनात फेड. आणि गिऱ्हाइकाशी भाव ठरला की त्याच दिवशी तेवढं सोनं घेऊन टाक, थांबू नकोस.

घडणावळही सोन्याच्या भावावर टक्क्यांनी लावली आहेस. भाव पडला की आपल्या हातांची किंमतही पडायची. हातांनी काय गुन्हा केला? तासांवर लाव. साध्या जोडाला अर्धा दिवस, रव्याच्या जोडाला तीन दिवस, आईच्या वहीत सगळं आहे.

तीन कारागीर घे, पण त्यांतला एक रव्याच्या पाटावर बसव. पहिलं वर्ष तो नुसतं वाया घालवेल, ते खर्चात धर. रव्याच्या ऑर्डरी तेवढ्याच घे जेवढे पाट आहेत. बाकीच्यांना थांबायला सांग, थांबतात लोक.

येताना बारीक जाळीची चाळणी आण. आपली फाटली आहे, लहान-मोठे रवे एकत्र पडतात, आणि मला आता नुसत्या डोळ्यांनी ते वेगळे करता येत नाहीत.

तुझा,
बाबा